एकाच बंडलमधली दोन टेबले

२०२२ च्या मे महिन्यात माझ्या वर्कशॉपमधून दोन टेबले एकाच आठवड्यात बाहेर पडली. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत माझे वर्कशॉप आहे आणि खानावळी, हॉटेले व वसतिगृहे यांच्या स्वयंपाकघरांसाठी लागणारी टेबले, मांडण्या, सिंक आणि ट्रॉल्या आम्ही स्टेनलेस स्टीलमध्ये बनवतो. त्या दोन टेबलांपैकी एक इचलकरंजीतील एका खानावळीत गेले आणि दुसरे आंबा घाट उतरून रत्नागिरीला, मिरकरवाडा बंदराजवळच्या मासळीच्या शेडमध्ये गेले. दोन्हींचा पत्रा एकाच बंडलमधला होता: १.२ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे बाजारात ज्याला अठरा गेज म्हणतात तो, आठ बाय चार फुटांचा, वर निळी प्लास्टिक फिल्म आणि खाली मॅट फिनिश. बिलावर ‘एसएस ३०४’, म्हणजे चांगल्या स्टेनलेस स्टीलची नेहमीची जात (ग्रेड), असे स्पष्ट लिहिलेले होते. वेल्डर एकच, वेल्डिंगची तार एकच आणि शेवटचे बफिंगही एकाच माणसाने केलेले.

पहिला पावसाळा संपता संपता रत्नागिरीहून फोन आला. मी जाऊन पाहिले तेव्हा टेबलाच्या वरच्या पत्र्यावर चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके उमटले होते, आणि पायांना जिथे वेल्डिंग केले होते तिथे जोडाला समांतर एक बारीक गंजकी रेघ दोन्ही बाजूंनी धावत होती. ठिपका नखाने खरवडला की खाली टाचणीच्या टोकाएवढा खड्डा लागत होता. मी खिशातले चुंबक काढून पत्र्याला लावले, ते चिकटले नाही, आणि माल ३०४ चाच आहे, बर्फाचे आणि मिठाचे पाणी साचून राहिल्याने डाग पडले असावेत, असे मी त्या मासळीच्या व्यापारी बाईंना समजावून सांगितले. मी त्या वेळी प्रामाणिकपणे बोलत होतो, पण माझे म्हणणे चुकीचे होते. परत आल्यावर उरलेल्या पत्र्याचा तुकडा मी प्रयोगशाळेत दिला. अहवालात क्रोमियम १५.२ टक्के, निकेल १.१ टक्के, मँगनीज ९.४ टक्के, तांबे १.६ टक्के आणि कार्बन ०.०९ टक्के असे आकडे आले. ३०४ मध्ये क्रोमियम किमान १८ टक्के आणि निकेल किमान ८ टक्के असावे लागते, तर मँगनीज २ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नसते. म्हणजे मला मिळालेला पत्रा वेगळ्याच घराण्यातला होता.

रत्नागिरीचे टेबल मी स्वखर्चाने ३१६ मध्ये, म्हणजे मिठापुढे टिकाव देणारा मॉलिब्डेनम हा धातू असलेल्या पत्र्यात, नव्याने करून दिले. इचलकरंजीच्या खानावळीच्या मालकांनाही जाऊन खरी गोष्ट सांगितली आणि फरकाची रक्कम परत केली. त्यांचे टेबल मात्र लख्ख होते, त्याच्यावर एक डाग नव्हता, आणि ते बदलून घ्यायला त्यांनी नकार दिला. एकाच बंडलमधल्या दोन पत्र्यांची ही दोन नशिबे पाहिल्यापासून कमी निकेलच्या या कोल्ड रोल्ड (तापवल्याशिवाय रुळांखाली दाबून पातळ केलेल्या) पत्र्याविषयी मी जेवढे वाचता आले तेवढे वाचले, आणि जेवढे हाताखालून गेले तेवढे नोंदवून ठेवले. आमच्या धंद्यात या पत्र्याला सर्रास ‘डुप्लिकेट’ म्हणतात. हा शब्द मला मान्य नाही. पत्रा अस्सलच असतो. खोटे असते ते त्याच्यावर चिकटवलेले नाव.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते क्रोमियममुळे. लोखंडात साधारण साडेदहा टक्के किंवा अधिक क्रोमियम असले की पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ, काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो आणि हवेतील प्राणवायू मिळत राहिला तर तो थर फाटल्या जागी आपोआप पुन्हा धरतो. आपल्या घरातील जुन्या डब्यांवर आणि पातेल्यांवर आजी-आजोबांची नावे आणि लग्नाची तारीख कोरलेली असते. ती कोरताना यंत्राच्या सुईने हा थर प्रत्येक ठिपक्याला फोडलेला असतो, तरी चाळीस-पन्नास वर्षांनंतरही त्या अक्षरांत गंज दिसत नाही. थर पुन्हा धरतो याचा इतका साधा पुरावा प्रत्येक मराठी घराच्या फळीवर आहे.

मग निकेल कशासाठी? निकेलचे मुख्य काम पोलादाची आतली रचना ठरवण्याचे आहे. नेहमीच्या तापमानाला लोखंडाचे अणू ज्या रचनेत बसतात तिला फेराइट म्हणतात. ती चुंबकाला चिकटते आणि तुलनेने कमी ताणते. निकेल पुरेसे घातले की ऑस्टेनाइट नावाची रचना तापमान उतरल्यावरही टिकून राहते. ही रचना चुंबकाला चिकटत नाही, भरपूर ताणते, सहज वेल्ड होते आणि कडाक्याच्या थंडीतही ठिसूळ होत नाही. काही आम्लांपुढे निकेल स्वतःही पोलादाला आधार देते, परंतु पाणी, हवा आणि मीठ यांच्यापुढे उभे राहण्याचे मूळ काम क्रोमियमचेच.

निकेल कमी करायचे तर ऑस्टेनाइट टिकवण्यासाठी दुसरे कोणी तरी हवे. ते काम मँगनीज, नायट्रोजन, तांबे आणि थोडा जास्तीचा कार्बन मिळून करतात. यात मँगनीजची टक्केवारी सर्वांत मोठी दिसते, म्हणून निकेलच्या जागी मँगनीज बसवले असे सांगितले जाते; प्रत्यक्षात मँगनीज या कामात अशक्त आहे. धातुशास्त्रातील नेहमीच्या सूत्रात निकेलला १ धरले तर मँगनीजला ०.५ आणि नायट्रोजनला ३० असा भार दिला जातो. म्हणजे खरा गडी नायट्रोजन. पण तो वायू, आणि वितळलेल्या पोलादात तो हवा तेवढा मुरत नाही, तो मुरावा म्हणून मँगनीज लागते. मँगनीजमुळे नायट्रोजनची विद्राव्यता वाढते आणि ०.१ ते ०.२ टक्के नायट्रोजन पोलादात टिकून राहतो. हे मला कळले तेव्हा त्या अहवालातील आकड्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

तरीही या जोडीची ताकद मर्यादित आहे, आणि गोष्ट इथेच अडते. क्रोमियम रचनेला फेराइटकडे ओढते, निकेल आणि नायट्रोजन ऑस्टेनाइटकडे ओढतात. निकेल आठ टक्क्यांवरून चार-पाच टक्क्यांवर आणले तर नायट्रोजन आणि मँगनीज यांच्या जोरावर क्रोमियम १७-१८ टक्के ठेवता येते. २०२ या ग्रेडमध्ये निकेल ४ ते ६ टक्के आणि क्रोमियम १७ ते १९ टक्के असते ते यामुळेच. निकेल एक टक्क्यावर उतरवले की मात्र तराजू कलतो आणि तो पुन्हा सम करण्यासाठी क्रोमियमही १५ टक्क्यांच्या आसपास आणावे लागते. निकेल काढले म्हणून पत्रा गंजतो, असे लोक म्हणतात. निकेलच्या पाठोपाठ क्रोमियमही काढावे लागते आणि म्हणून तो गंजतो, असे म्हणणे अधिक बरोबर आहे. त्यामुळे ‘कमी निकेलचा पत्रा’ असे सरसकट बोलण्यात अर्थ नाही: चार टक्के निकेलचा २०१ किंवा २०२ आणि एक टक्का निकेलचा पत्रा यांच्यात जे अंतर आहे, ते २०२ आणि ३०४ यांच्यातील अंतरापेक्षा व्यवहारात मला मोठे वाटले आहे.

बाजारात मात्र या सर्वांना ‘दोनशे दोन’ या एकाच नावाने हाक मारली जाते. त्यातल्या त्यात जाणकार दुकानदार ‘जे-वन’ आणि ‘जे-फोर’ असा फरक करतात. ही मुळात जिंदाल स्टेनलेसच्या ग्रेडची नावे, पण आता कोणत्याही भट्टीतून आलेल्या तशा पत्र्यालाही तीच लावली जातात. जे-वनमध्ये साधारण चार टक्के निकेल असते, जे-फोरमध्ये साधारण एक टक्का. माझ्या अहवालातील पत्रा जे-फोरच्या जातीचा होता. भारतीय मानक ब्युरोने २०१२ साली भांडी आणि स्वयंपाकघरातील उपकरणे यांसाठी कमी निकेलच्या ऑस्टेनिटिक पत्र्याचे आयएस १५९९७ हे स्वतंत्र मानक काढले, म्हणजे या पत्र्याला कायदेशीर नाव आणि ओळख आहे. ती लपवून विकण्याचे काहीच कारण नाही.

लपवण्यामागे किंमत आहे. निकेलसाठी भारत जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे आणि निकेलचा भाव स्वभावाने चंचल आहे. २००७ च्या मे महिन्यात लंडनच्या बाजारात तो टनाला ५०,००० डॉलरच्या वर गेला होता. ८ मार्च २०२२ रोजी त्याच बाजारात तो काही काळ १,००,००० डॉलरच्या वर गेला आणि व्यवहारच थांबवावे लागले. माझे ते बंडल त्यानंतरच्या दोन महिन्यांतले, ही गोष्ट मी नंतर जुळवून पाहिली. ३०४ महाग आणि दुर्मीळ झाला की त्याच्या नावाने दुसरा पत्रा फिरू लागतो.

या पोलादाचा जन्मही टंचाईतूनच झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात आणि पुढे कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेत निकेल युद्धसामग्रीसाठी राखून ठेवले गेले, तेव्हा मँगनीज आणि नायट्रोजन यांच्या आधारे निकेल वाचवण्याचे प्रयोग वेगाने पुढे गेले आणि १९५० च्या दशकाच्या मध्यास २०१ व २०२ हे ग्रेड तिथे अधिकृत यादीत आले. पुढे निकेलचा पुरवठा सुरळीत झाल्यावर पाश्चात्त्य देशांत त्यांचा वापर मर्यादित राहिला, पण परकीय चलनाची चणचण आणि आयातीवरील निर्बंध यांच्यात वाढलेल्या आपल्या देशात ही मालिका खऱ्या अर्थाने रुजली. जुन्या साड्या आणि पँटी घेऊन त्यांच्या बदल्यात स्टीलचे डबे देणाऱ्या बोहारणींनी गल्लोगल्ली जे स्टील पोहोचवले, त्याच्या मागे निकेल वाचवण्याची ही धडपड होती. शिवाय मँगनीज आपल्याकडे मुबलक आहे. नागपूर, भंडारा आणि लगतचा बालाघाट हा पट्टा मँगनीजच्या खनिजासाठी शंभर वर्षांहून अधिक काळ प्रसिद्ध आहे. नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘मॉयल’ या सरकारी कंपनीच्या डोंगरी बुजुर्ग, चिखला, कांद्री, मनसर, गुमगाव या खाणी आपल्या विदर्भात आहेत. आयात करावे लागणारे निकेल कमी करून जमिनीत असलेले मँगनीज वापरणे हा देशाच्या दृष्टीने शहाणपणाचा हिशेब होता आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

आता पत्र्याविषयी. हॉट रोलिंगमधून आलेली साधारण तीन मिलिमीटरची पट्टी आधी भट्टीत तापवून मऊ करतात, आम्लात धुऊन तिच्यावरची काळी खपली काढतात आणि मग तापवल्याशिवाय रुळांखाली दाबत दाबत १.२, १.० किंवा ०.५ मिलिमीटरपर्यंत आणतात. थंड अवस्थेत दाबताना पोलाद कडक होत जाते, म्हणून ते पुन्हा तापवून मऊ करावे लागते. त्यानंतर आम्लात धुतलेला निस्तेज पृष्ठभाग म्हणजे टू-डी, त्यावर हलका रूळ फिरवून आलेला गुळगुळीत करडा पृष्ठभाग म्हणजे टू-बी, आणि हायड्रोजनच्या वातावरणात तापवल्यामुळे आरशासारखा राहिलेला तो बीए. मॅट, हेअरलाइन आणि मिरर ही फिनिश नंतर घासून काढलेली असतात. हा तपशील वरवरचा वाटला तरी गंजाशी त्याचा थेट संबंध आहे, कारण खरखरीत मॅट पत्र्याच्या ओरखड्यांत मीठ आणि धूळ अडकून बसते, तर टू-बी किंवा मिररवरून ती पाण्याबरोबर वाहून जाते. रत्नागिरीच्या त्या टेबलावर मी ग्रेडची चूक न कळत केली होती, पण दमट खाऱ्या जागेत मॅट फिनिश देण्याची चूक पूर्णपणे माझी होती.

थंड दाबाने कडक होण्याची ही सवय कमी निकेलच्या पत्र्यात ३०४ पेक्षा जास्त असते. मऊ केलेल्या स्थितीतही तो मुळातच अधिक ताकदीचा असतो: अमेरिकी मानकात ३०४ ची किमान यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे ज्या ताणापुढे पत्रा कायमचा वाकतो ती मर्यादा, २०५ मेगापास्कल धरली आहे, तर २०१ आणि २०२ ची किमान २६०. प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवण्याच्या यंत्रावर, हा फरक हाताला कळतो. काही महिन्यांपूर्वी जे-फोरच्या मांडण्या वाकवताना आमचे मिस्त्री म्हणाले, “मालक, हा पत्रा परत उठतोय.” काटकोन हवा असेल तर ३०४ ला जेवढे जास्त वाकवावे लागते त्यापेक्षा याला आणखी दोन-तीन अंश दाबावे लागते, आणि यंत्राला जोरही अधिक लागतो. धार कापताना ब्लेडमधील अंतर नीट बसवले नाही तर काठाला चिरा राहतात.

या ताकदीचा हवाला देऊन एक सल्ला वारंवार दिला जातो की पत्रा मजबूत आहे, तेव्हा १.२ ऐवजी १.० मिलिमीटर वापरा, काही बिघडत नाही. ठोक लागून पोचा पडण्याच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे, कारण पोचा यील्ड स्ट्रेंग्थवर ठरतो. मात्र मांडणीच्या फळीवर पीठ-तांदळाची पोती ठेवल्यावर ती मध्ये किती झुकेल हे ताकदीवर ठरत नाही. ते पोलादाच्या लवचीकतेच्या गुणांकावर आणि जाडीच्या घनावर ठरते. हा गुणांक ३०४ आणि २०२ यांचा जवळजवळ सारखाच असतो, आणि जाडी १.२ वरून १.० वर आणली की सपाट पत्र्याचा ताठपणा साधारण ५८ टक्क्यांवर येतो. म्हणून फळीचा पत्रा पातळ करायचा असेल तर खाली आणखी एक चॅनेल द्यावा लागतो आणि त्याचे वजन धरले की बचत फारशी उरत नाही. मी स्वतः हा हिशेब दोन वेळा कागदावर मांडून पाहिला आणि दोन्ही वेळा जाडी कायम ठेवली.

भांडी बनवणाऱ्यांना याहून कठीण अडचण भोगावी लागते. भाईंदरला भांड्यांचे अनेक छोटे कारखाने आहेत. तिथे काम केलेल्या एका कारागिराने मला सांगितले की सकाळी खोल ओढून ठेवलेले डबे संध्याकाळपर्यंत ठीक असतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहावे तर काठापासून खाली उभी चीर गेलेली असते, कोणी हात न लावता. याला विलंबित तडकणे म्हणतात. खोल ओढताना ऑस्टेनाइटचा काही भाग मार्टेन्साइट नावाच्या कडक आणि ठिसूळ रचनेत बदलतो, काठावर आतला ताण साठून राहतो, आणि पोलादातील अत्यल्प हायड्रोजन त्या ताणलेल्या जागी हळूहळू गोळा होऊन चीर उघडतो. निकेल जितके कमी तितका ऑस्टेनाइट अस्थिर आणि हा धोका जास्त. या ग्रेडमध्ये दीड-दोन टक्के तांबे घातलेले असते ते यासाठीच, कारण तांबे ऑस्टेनाइटला स्थिर करते आणि कडक होण्याचा वेग कमी करते. कारखान्यात यावर उपाय असा की एका दमात पूर्ण खोली गाठायची नाही, दोन टप्प्यांत ओढायचे आणि मधे किंवा लगेच नंतर भांडे भट्टीतून काढायचे. ते ‘लगेच’ महत्त्वाचे आहे. रात्र गेली की उशीर झालेला असतो.

वेल्डिंगच्या जोडाजवळची ती गंजकी रेघ हा कार्बनचा दोष होता. २०१ आणि २०२ मध्ये कार्बन ०.१५ टक्क्यांपर्यंत चालतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना पत्रा सुमारे ४२५ ते ८१५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान काही वेळ राहिला की कार्बन शेजारच्या क्रोमियमला धरून कणांच्या सीमेवर कार्बाइड बनवतो आणि त्या सीमेलगतची जागा क्रोमियमवाचून उघडी पडते. आधीच १५ टक्के असलेल्या पत्र्यात हे आणखी महागात पडते. आता आम्ही आर्गन वेल्डिंग करताना ३०८एल ही कमी कार्बनची तार वापरतो, करंट कमी ठेवतो, लांब जोड एका दमात न ओढता टप्प्याटप्प्याने घेतो आणि निळसर-तपकिरी झालेली जागा पिकलिंग पेस्ट (आम्लाचा लेप) लावून साफ केल्याशिवाय माल बाहेर जाऊ देत नाही. पेस्टबाबत एक सावधगिरी मी अनुभवाने शिकलो: ३०४ वर जेवढा वेळ ठेवतो तेवढा वेळ ती जे-फोरवर ठेवली तर पत्रा काळपट आणि खरखरीत होतो, म्हणून आधी तुकड्यावर पाहून वेळ ठरवावी. आणि साध्या लोखंडावर चालवलेले ग्राइंडिंग व्हील स्टेनलेसवर कधीही लावू नये. त्यातून उडालेले लोखंडाचे कण पत्र्यात रुतून बसतात, त्यांच्यावर गंज धरतो आणि उत्तम ३०४ चीही बदनामी होते.

चुंबकाविषयी सांगायचे राहिले. ३०४, २०२ आणि जे-फोर हे तिन्ही ऑस्टेनिटिक असल्याने मऊ स्थितीत चुंबकाला चिकटत नाहीत, आणि वाकवलेल्या कोपऱ्यांवर किंवा ओढलेल्या भांड्याच्या काठावर तिन्ही थोडेफार चिकटू शकतात. चुंबक केवळ ४३० सारखा फेरिटिक, म्हणजे फेराइट रचनेचा, पत्रा वेगळा काढू शकते, आणि तो तर काही उपयोगांत जे-फोरपेक्षा सरस असतो. म्हणजे ‘चुंबक चिकटले नाही, माल अस्सल’ हे आमच्या बाजारातील सर्वांत प्रचलित परीक्षण नेमक्या या प्रश्नाला निरुपयोगी आहे. भंगारातही हीच अडचण होते, कारण चुंबकाने वेगळे काढलेल्या ढिगात २०० मालिका (२०१, २०२, जे-फोर) आणि ३०० मालिका (३०४, ३१६) मिसळतात आणि पुढच्या भट्टीत ती भेसळ वितळते. थेंबाच्या चाचणीचे किट मिळते. पत्र्यावर द्रवाचा थेंब टाकून नऊ व्होल्टची बॅटरी लावली की मँगनीज जास्त असलेल्या पत्र्यावर तो लाल होतो. ३०४ आणि जे-फोर वेगळे काढण्यास एवढे पुरते, पण जे-वन आणि जे-फोर यांतील फरक त्याने कळत नाही. हातात धरायच्या एक्स-रे गनने निकेल, क्रोमियम, मँगनीज काही सेकंदांत दिसतात, कार्बन आणि नायट्रोजन मात्र ती दाखवत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील स्पेक्ट्रोमीटरच हवा. मी आता प्रत्येक नव्या बंडलमधल्या एका पत्र्याची थेंबाने चाचणी करतो, मोठ्या कामाला तुकडा प्रयोगशाळेत देतो, आणि कारखान्याच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (भट्टीतल्या एका घाण्याचा क्रमांक) बंडलवरच्या नंबराशी जुळवून घेतो. केवळ सर्टिफिकेटची झेरॉक्स मी पुरावा मानत नाही.

कोणता पत्रा कुठे, याचे माझे उत्तर आता बहुतांशी ठरले आहे. घाटावर, घरातील किंवा छपराखालील जिन्याचे कठडे, कोरड्या कोठारातील मांडण्या, धान्य आणि मसाल्याचे डबे, ताटे-वाट्या, फर्निचर, दारांच्या पट्ट्या, रोज धुऊन पुसले जाणारे खानावळीचे टेबल, या सगळ्यांना कमी निकेलचा पत्रा उत्तम चालतो आणि तिथे ३०४ चा आग्रह धरणे म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणे आहे. सिंक, भांडी घासण्याची जागा, सतत ओले राहणारे टेबल यांना किमान ३०४ द्यावा. लोणचे, खारवलेल्या कैऱ्या, कोकमाचे आगळ यांसारखे मीठ आणि आम्ल एकत्र असलेले पदार्थ दीर्घकाळ भरून ठेवायचे असतील तर काच किंवा चिनी मातीची बरणीच बरी, कमी निकेलचा डबा मुळीच नको. दूध डेअरीच्या आणि औषधांच्या कामाला मी हा पत्रा देत नाही. कोकणपट्टीवर, मुंबईत समुद्राकडेच्या गॅलरीला आणि गोव्यातील कामांना बाहेरच्या कठड्यांसाठी तर ३०४ सुद्धा नियमित धुतला तरच टिकतो. तिथे ३१६ चा खर्च करावा, आणि तो झेपत नसेल तर रंगवलेले गॅल्व्हनाइज्ड लोखंड मला जे-फोरपेक्षा अधिक सरळ वाटते, कारण त्याच्याकडून लोक चुकीची अपेक्षा ठेवत नाहीत.

भांड्यांच्या बाबतीत २०२४ साली केंद्र सरकारने स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश काढला. पत्र्याचे फर्निचर आणि कठडे यांत ग्राहकाला अजूनही बिलावरच्या दोन शब्दांवर विसंबावे लागते. म्हणून माझ्या कोटेशनमध्ये आता प्रत्येक भागापुढे ग्रेड, जाडी मिलिमीटरमध्ये आणि फिनिश लिहिलेले असते, आणि एकाच टेबलाचा वरचा पत्रा ३०४ व खालची फळी जे-वन असेल तर दोन्ही वेगवेगळे लिहिलेले असतात. आधी काही ग्राहक या कागदावर विचारात पडायचे, ‘दोनशे’ हा आकडा दिसला की काम हलके आहे असा त्यांचा समज व्हायचा. मी त्यांना वर्कशॉपमध्ये नेऊन दोन्ही पत्र्यांचे तुकडे हातात देतो आणि वर लिहिले आहे तेच थोडक्यात सांगतो. बहुतेक जण खालची फळी जे-वनचीच ठेवतात.

गेल्या दिवाळीच्या आधी इचलकरंजीच्या त्या खानावळीत जेवायला गेलो होतो, तेव्हा टेबल पुन्हा बारकाईने पाहिले. वरचा पत्रा ओरखड्यांनी भरला आहे, पण डाग नाही. वेल्डिंगचे जोडही स्वच्छ आहेत. मागच्या उजव्या पायाशी मात्र रुपयाएवढा एक तपकिरी ठिपका दिसला. त्याच जागी, फरशी पुसण्याच्या ब्लीचचा कॅन टेकवून ठेवलेला होता आणि झाकणातून थेंब गळत होते. मी गाडीतली पेस्ट आणून ठिपका साफ केला, पाय पाण्याने धुतला, आणि मालकांनी कॅन उचलून मागच्या पडवीत ठेवला.